शेतपंपाच्या स्टार्टरची चाचणी: टूलच्या आधी तक्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मोबाईल स्टार्टर (फोनवरून शेतपंपाची मोटर चालू-बंद करणाऱ्या पेट्या) बनतात, आणि विचारणारे तिथे फर्मवेअर, म्हणजे पेटीच्या चिपमधला प्रोग्राम, बघतात. चाचणी सगळी हाताने होते. वायरमन पॅनलसमोर उभा राहून ४० ओळींचा कागद भरतो, एका व्हर्जनला दीड दिवस जातो, तरी शेतातून तक्रारी येतातच. कॉलेजच्या मित्राने सांगितलं की फॉर्मल स्पेसिफिकेशन लिहिलं की त्यातून टेस्ट आपोआप तयार होतात. पाच माणसांच्या टीमला हे झेपेल का, आणि टूल कुठलं घ्यावं?

टूलचं शेवटी बोलू. मी आधी पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरवर नऊ वर्षं काढली, आणि गेली अकरा वर्षं सांगली-मिरजेत याच पेट्यांवर काम करतोय. झेपतं, पण मित्राने सांगितलं त्या क्रमाने नाही.

हाताने चाचणी होते ही तुमची खरी अडचण नाही. त्याच ४० ओळी मशीनने दीड मिनिटात चालवल्या तरी त्या ४०च राहतात, आणि शेतातल्या तक्रारी त्या ओळींच्या बाहेरच्या आहेत. अडचणी दोन आहेत. पेटीने नेमकं काय करायला हवं हे कुठेच पक्कं लिहिलेलं नाही, त्यामुळे एखादी टेस्ट पास की नापास हे वायरमनच्या अंदाजावर ठरतं. आणि शेतात घटना ज्या क्रमाने आणि ज्या अंतराने घडतात, तो क्रम बेंचवर बसून कुणाला सुचत नाही.

आधी पहिलीचं बघू. फॉर्मल म्हणजे ग्रीक अक्षरं असा धाक मनातून काढा. वाचणाऱ्यागणिक अर्थ बदलत नाही असं लिखाण, एवढंच. तुमच्या माहितीपत्रकात बहुतेक असं वाक्य असेल: "लाईट आल्यावर ऑटो मोडमध्ये मोटर ३० सेकंदांनी चालू होईल." वाचायला स्वच्छ वाटतं. पण लाईट आली म्हणजे काय? लाईनमन डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर) तीन फेजचे, म्हणजे विजेच्या तीन तारांचे, फ्यूज एकेक करून बसवतो. ३० सेकंद पहिल्या फेजपासून मोजायचे की तिसऱ्या? पंधराव्या सेकंदाला एक फेज डुलकी घेऊन परत आला, तर मोजणी शून्यापासून की पुढे चालू? डीपीच्या दुरुस्तीत दोन वायरी अदलाबदल झाल्या आणि फेज उलटे आले, तर मोजणी सुरू तरी करायची का? मी हे तीन प्रश्न एका कारखान्यात मालकाला, वायरमनला आणि कोड लिहिणाऱ्या पोराला वेगवेगळे विचारले होते. तिघांची उत्तरं तीन. कोड अर्थातच चौथंच काहीतरी करत होता.

म्हणून पहिलं काम कागदावर. उभ्या बाजूला पेटीच्या अवस्था लिहा: लाईट नाही, फेजमध्ये दोष, टायमर चालू, मोटर सुरू होतेय, मोटर चालू, ट्रिप (दोष दिसला म्हणून पेटीनेच मोटर बंद केली), हुकमाने बंद. आडव्या बाजूला घटना: फेज गेला, फेज आला, फेज उलटे, व्होल्टेज कमी, करंट जास्त, करंट अगदी कमी (म्हणजे पाणी संपलं, ड्राय रन), चालू हुकूम, बंद हुकूम, टायमर संपला, सगळी लाईट गेली, सगळी आली. सात गुणिले अकरा, ७७ घरं. आता तुमचा ४० ओळींचा कागद घ्या आणि कुठली ओळ कुठल्या घरात पडते ते खुणा करत जा. मी केलं तेव्हा ४२ ओळी १९ घरांत बसल्या होत्या. आठ-दहा ओळी तर 'मोटर चालू' या एकाच रांगेत. उरलेली ५८ घरं रिकामी. त्यातली काही अशक्य म्हणून फुली मारता येतात, पण बाकीच्यांत काय व्हायला हवं ते कुणीतरी ठरवलंच पाहिजे. हे ठरवायला आम्हाला चहासकट तीन दुपारी लागल्या, आणि एकही टेस्ट चालवायच्या आधी कोडमधल्या चार चुका टेबलावरच सापडल्या.

तक्त्यासोबत कधीच मोडू नयेत अशा दोन-चार अटी साध्या मराठीत लिहा. आमच्या अशा होत्या: तीनपैकी एखादा फेज नसताना कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) ३ सेकंदांहून जास्त ओढलेला राहणार नाही. शेवटचा हुकूम 'बंद' असेल तर मोटर आपणहून सुरू होणार नाही. ट्रिप झाल्यावर ठरलेल्या वेळाआधी पुन्हा प्रयत्न होणार नाही. पहिली अट का, ते वाइंडरच्या (जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळणाऱ्याच्या) दुकानात जाऊन बघा. चालू मोटरचा एक फेज गेला की उरलेल्या दोनांत करंट साधारण १.७३ पट होतो आणि मोटर आवाज करत जळते. दुसऱ्या अटीकडे आता येतो, कारण माझं मत तिनेच बनवलं.

तक्त्याचं मॉडेल म्हणजे पायथनमधल्या जेमतेम दीडशे ओळी. त्याला घटना द्यायची, ते सांगतं आता पेटी कुठल्या अवस्थेत असायला हवी आणि कॉन्टॅक्टर ओढलेला हवा की सुटलेला. तीच घटना खऱ्या कोडला द्यायची आणि दोघांची उत्तरं ताडायची. घटना निवडायच्या चिठ्ठ्या टाकून, मधलं अंतरही चिठ्ठ्या टाकून. रात्री लावून घरी जायचं. दुसऱ्या रात्री मशीन एका ठिकाणी थांबलं होतं. २१३ घटनांच्या माळेनंतर मॉडेल म्हणतंय मोटर बंद हवी, कोड म्हणतंय चालू. मग त्या माळेतले मणी एकेक काढत, चूक तरीही राहते का ते बघत जायचं (हेही मशीनच करतं), आणि शेवटी पाच उरले: लाईट आली, टायमर सुरू, शेतकऱ्याचा 'बंद' हुकूम, चार सेकंदांत लाईट गेली, लाईट आली. त्यानंतर तीस सेकंदांनी मोटर सुरू.

कारण काय निघालं? हुकूम ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत, साठवायचा होता. ईईप्रॉम साधारण एक लाख वेळा लिहिता येतं, म्हणून कुणीतरी काटकसर करून 'दहा सेकंदांतून एकदाच लिही' असं ठेवलं होतं. त्या दहा सेकंदांत लाईट गेली की 'बंद' हवेत विरून जायचा आणि पेटी जुना 'ऑटो' वाचून मोटर लावायची. विचार करा, माणूस फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या पाण्यातल्या टोकाचा व्हॉल्व्ह) काढायला विहिरीत उतरण्याआधी फोनवरून 'बंद' पाठवतो आणि निश्चिंत होतो. वायरमनच्या कागदावर हुकूम, लाईट जाणं, लाईट येणं, तिन्ही टेस्ट होत्या आणि तिन्ही पास होत्या. पण चार सेकंदांच्या अंतराने एकापाठोपाठ कुणी केल्या नव्हत्या, कारण तो बिचारा मध्ये पेन उचलून खूण करायचा. आणि काटकसरीची गरजच नव्हती. दिवसाला वीस हुकूम धरले तरी एक लाख लिखाणांना ५००० दिवस लागतात, म्हणजे तेरा वर्षांच्या वर.

यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. मॉडेलला ईईप्रॉम नावाची वस्तू ठाऊकच नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं की शेवटचा हुकूम 'बंद' आहे. मॉडेलमध्ये ईईप्रॉम आणि त्याचे दहा सेकंद आणले असते तर मॉडेल आणि कोड दोघेही गुण्यागोविंदाने चुकले असते. म्हणून कोड ज्याने लिहिलं त्याने मॉडेल लिहू नये, आणि दुसऱ्यानेही कोड उघडून बघत लिहू नये. तक्त्यावरूनच टेस्टच्या माळा काढायची जुनी पद्धत आहे, चाऊ यांनी १९७८ मध्ये मांडलेली. ती सगळ्या चुका पकडायची हमी देते, पण एका अटीवर: कोडमध्ये किती अवस्था असू शकतात याचा आधी धरलेला आकडा बरोबर हवा. दहा सेकंदांचा तो रेंगाळलेला हुकूम म्हणजे तक्त्यात नसलेली, कुणी न मोजलेली अवस्थाच होती. म्हणून मी नेटकी, कमीत कमी टेस्टची यादी काढत बसत नाही. लांबलचक बेशिस्त माळा चालवतो.

आता वेळेबद्दल, कारण एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या प्रोग्रामांत, गाडी इथेच अडते. मॉडेल म्हणतं ३ सेकंदांत ट्रिप, पेटी ३.१२ला ट्रिप होते. नापास? पहिल्या आठवड्यात तुमच्या पडद्यावर अशा खोट्या चुकांचा पाऊस पडेल. स्पेसिफिकेशनमध्येच खिडकी लिहा: २.८ ते ३.३ सेकंद. व्होल्टेजचंही तसंच. ३०० व्होल्टला ट्रिप व्हायचं असेल आणि मोजमापात दोन टक्के इकडे-तिकडे होत असेल, तर २९४ ते ३०६ मध्ये पेटी ट्रिप झाली तरी बरोबर, नाही झाली तरी बरोबर. म्हणजे मॉडेलने एक उत्तर न देता चालणाऱ्या उत्तरांचा संच द्यायचा, आणि पेटीचं उत्तर त्या संचात आहे का एवढंच बघायचं. नेदरलँड्सच्या यान ट्रेटमन्स यांचा १९९० च्या दशकातला सिद्धांत नेमका हाच आहे, आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे गप्प राहणं हेही उत्तर धरलं जातं. पेटीने काहीतरी करायला हवं होतं आणि ती ढिम्म राहिली, तर ती नापास. हाताच्या चाचणीत हे हमखास निसटतं. 'काही झालं नाही' याची खूण कोण करतो?

वेळेचा एक फायदाही आहे, कोड लॅपटॉपवर तपासताना तो मिळतो. घड्याळ खोटं ठेवलं की ५० दिवस क्षणात संपवता येतात. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. 'आत्ताची वेळ ही सुरुवातीची वेळ अधिक उशीर यापेक्षा मोठी आहे का' असं लिहिलेलं कोड त्या क्षणी गडबडतं, आणि 'आत्ताची वजा सुरुवातीची ही उशिराहून मोठी आहे का' असं लिहिलेलं, आकडे बिनचिन्हाचे असतील तर, तरून जातं. आपल्याकडे शेतीची लाईट रोज जाते म्हणून हे लपून राहतं, पण बॅटरीवर चालणाऱ्या पेटीत नाही. २०१५ मध्ये बोईंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोलरमध्ये याच जातीची चूक निघाली होती. २४८ दिवस सलग वीज चालू राहिली तर काउंटर भरून वाहायचा.

चाचणी तीन थरांत लावा. पहिला थर लॅपटॉप: तीच सी भाषेतली फाइल, फक्त पिना (चिपचे पाय, ज्यांतून ती बाहेरचं मोजते) वाचणारी आणि घड्याळ सांगणारी फंक्शनं खोटी. लाखो घटना इथे. दुसरा थर खरा बोर्ड, पण ४१५ व्होल्ट नकोत. दुसऱ्या एका छोट्या मायक्रोकंट्रोलरने (एका चिपमधल्या संगणकाने) ५० हर्ट्झच्या, एकमेकींपासून १२० अंशांवरच्या तीन लहान व्होल्टेजच्या लहरी तयार करून सरळ मोजणाऱ्या पिनांवर द्या, करंटचीही तशीच एक, आणि रिलेचं आउटपुट वाचा. इथे घड्याळ खरं चालतं, म्हणून पहिल्या थरावर सापडलेल्या माळा आणि रात्रभरात बसतील तेवढ्याच. तिसरा थर तुमचा वायरमन, खरं पॅनल, खरी मोटर. त्याला काढू नका. कॉन्टॅक्टर गुणगुणतोय, टर्मिनल तापलंय, हे त्यालाच कळतं. तक्त्यातल्या निम्म्या घरांची उत्तरंही त्याच्याकडेच असतात.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे? सगळ्यात आधी तुमच्या कोडची ठेवण. पिना वाचणं जागोजागी विखुरलेलं असेल तर पहिला थर उभा राहणार नाही. ते एका फाइलमध्ये गोळा करायला मला एकदा तीन आठवडे लागले, एकदा दोन दिवस. पेटी नुसती चालू-बंद आणि ओव्हरलोड एवढीच असेल, तर मॉडेल वगैरे सोडा, तक्ता भरा आणि हाताने तपासा. जुनं व्हर्जन वर्षातून एकदा बदलत असेल तरी तेच. पण हुकूम तीन वाटांनी येत असतील (बटण, एसएमएस, ॲप), टायमर दोनाहून जास्त असतील आणि विजेच्या लपंडावात पेटीने आठवण ठेवायची असेल, तर हाताने तुमचा निभाव लागणार नाही.

जुनं कोड नव्या मोटरला लावताना मात्र ही मॉडेलची चाचणी नेहमी करा. ५ एचपीसाठी लिहिलेलं एक कोड १० एचपीला तसंच वापरलं गेलं होतं. करंट मिलिअँपिअरमध्ये, १६ बिटांत. १० एचपीचा चालू करंट १४ अँपिअरच्या आसपास, सुरू होताना सहापट म्हणजे ८४. मिलिअँपिअर झाले ८४०००, आणि १६ बिटांत मावतात ६५५३५. वाहून उरले १८४६४. म्हणजे रोटर अडकलेली मोटर पेटीला 'जरा जास्त ओढतेय' इतकीच वाटत होती. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत गेलं ते याच घराण्यातल्या चुकीने. एरियान ४ साठी बरोबर असलेलं कोड नव्या रॉकेटवर नेलं, आणि ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. कोडने धरून चाललेली गृहीतं स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नव्हती. 'करंट जास्तीत जास्त इतका' ही ओळ तक्त्याच्या डोक्यावर असती तर आमचं मशीन तिथपर्यंत आकडे फेकून मोकळं झालं असतं.

या पद्धतीने काय सापडत नाही तेही ऐका. कॉन्टॅक्टरमध्ये पाल अडकणं, वीज पडणं, पत्र्याच्या पेटीतली मे महिन्याची उष्णता, हे मॉडेलमध्ये नाहीत. आणि काही अटी एका पेटीच्या नसतातच. लाईट आल्यावर एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपीवर लोड येतो, फ्यूज उडतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणूनच ऑटो स्विच वापरू नका असं महावितरण सांगत असतं. यावर उपाय म्हणून आम्ही टायमर ठरावीक न ठेवता १० ते १२० सेकंदांत चिठ्ठी टाकून निवडायचा ठरवला. मॉडेलने तपासलं, उत्तर १० ते १२० मध्ये आहे, पास. बोर्डवर पास. मग एका गावात सात पेट्या एकाच डीपीवर बसल्या आणि सातही मोटरी बरोबर ३७व्या सेकंदाला उठल्या. चिठ्ठ्या टाकणाऱ्या फंक्शनला प्रत्येक पेटीत सुरुवातीचा आकडा तोच दिलेला होता, शून्य. एकेकटी पेटी निर्दोष, सातजणी मिळून चूक. आता चिपच्या आतल्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून सुरुवात करतो, आणि लॅपटॉपवर वीस पेट्या एकत्र चालवून एका सेकंदात किती उठतात ते बघतो. ही अट आमच्या तक्त्यात नव्हती. ती डीपीवरच्या लाईनमनच्या शिव्यांतून आली.

आणखी एक. टेस्ट नापास झाली की कोडवर धावून जाऊ नका. चूक कोडची, मॉडेलची किंवा बेंचवरच्या वायरीची, तिन्हीपैकी कुणाचीही असते. पहिल्या महिन्यात आमच्याकडे तेरा भांडणं झाली, त्यातली कोडची चार. बाकीची मॉडेलची आणि एका सैल जोडाची. मालकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो विचारेल की हे मशीन आपल्याला तपासतंय की आपण त्याला.

आता टूल. तुमच्यासाठी पायथनची हायपोथेसिस लायब्ररी पुरते. अवस्थांच्या मॉडेलवरून माळा तयार करणं आणि चूक सापडल्यावर माळ लहान करणं, दोन्ही तिच्यात आहे, आणि ती फुकट आहे. मुळातली कल्पना स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या क्लासेन आणि ह्यूज यांच्या क्विकचेक या टूलची, साल २०००. सी कोडची लायब्ररी बनवून पायथनमधून हाक मारायची, झालं. उपाल हे टायमरवाल्या मॉडेलांचं खास टूल आहे. उप्पसाला आणि आल्बोर्ग या दोन विद्यापीठांनी मिळून केलेलं म्हणून ते नाव. त्यात मॉडेलचीच तपासणी होते: अमुक अट मोडणारा एकही रस्ता नाही ना. शिक्षणासाठी फुकट, धंद्यासाठी परवाना लागतो. तुम्ही उपसा योजनेवर एकामागून एक चालणारे दोन-तीन पंप जोडायला लागलात आणि पेट्या एकमेकींशी बोलायला लागल्या, तर त्याच्याकडे वळा. टीएलए प्लस ही स्पेसिफिकेशन लिहायची भाषा मला स्वतःला आवडते, पण या कामात तिच्यापासून सुरुवात करू नका. भाषा शिकण्यात महिना जाईल आणि तक्ता रिकामाच राहील.

वेळेचा अंदाज द्यायचा तर: तक्ता एक आठवडा, कोड वेगळं करणं दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत, मॉडेल तीन-चार दिवस, बोर्डचा बेंच दोन आठवडे. बेंच शेवटी. बरेच जण हौसेने बेंचपासून सुरुवात करतात, रिले टकटक वाजायला लागले की मालकही खूश होतो, आणि मग त्याच ४० ओळी त्या बेंचवर फिरत राहतात.

तुम्ही तक्ता भरायला घ्याल तेव्हा 'टायमर चालू' ही रांग आधी घ्या. माझ्या पेट्यांत सगळ्यात जास्त रिकामी घरं तिथेच होती. तुमची किती निघतात ते इथेच कळवा, अडलेली घरं एकत्र बसून भरू.